अक्कलदाढेचा मुहूर्त

मनुष्याच्या मुखांत बत्तीस दांत असतात असें आपण लहानपणापासून पाठ करतों. त्यांपैकीं अठ्ठावीस दांतांविषयीं कोणाच्या घरांत मतभेद झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. ते आपापल्या वेळीं येतात, मुकाट्यानें काम करतात, आणि किडले तर दुखून आपली तक्रार नोंदवितात. उरलेल्या चार दाढांची तऱ्हा मात्र निराळी. प्रवेश बंद झाल्यावर कोणाचा तरी वशिला लावून वर्गांत शिरलेल्या विद्यार्थ्यांप्रमाणें त्या सर्वांच्या मागून येतात, आणि बाकावर जागा उरलेली नसल्यामुळें कोणी तिरपी, कोणी आडवी, कोणी अर्धवट उभी अशा बसतात. त्यांना तेथें राहूं द्यावें कीं बाहेर काढावें, आणि काढावयाचें तर केव्हां काढावें, या प्रश्नावरून चांगलीं शिकलेलीं माणसें महिनेच्या महिने वाद घालूं शकतात, हें आम्हांस गेल्या वर्षीं आमच्याच घरीं कळून आलें. वादाचा विषय झालेली दाढ आमची नव्हती. आमच्या कन्येची होती. आमची पूर्वींच गेलेली होती, आणि खरें पाहतां तीच सगळ्या वादाचें मूळ होती.

या दाढेला आपण अक्कलदाढ म्हणतों. अक्कल हा शब्दच मुळीं अरबी, आणि अरबी भाषेंतहि हिला अकलेचीच दाढ म्हणतात; लॅटिन नांवाचा अर्थहि शहाणपणाचा दांत असाच आहे, आणि इंग्रजांनीं तें नांव तसेंच उचललें. सतरा ते एकवीस हें तिच्या उगवण्याचें सामान्य वय. त्या वयांत मनुष्याला अक्कल येते अशी समजूत या सर्व थोर संस्कृतींनीं कशाच्या आधारावर करून घेतली असेल, तें त्याच वयाच्या मुलांना जवळजवळ तीस वर्षें शिकविल्यानंतरहि आम्हांस उमगलेलें नाहीं. तुर्क लोक अधिक सावध. ते तिला नुसता ‘विसाव्या वर्षाचा दांत’ म्हणून मोकळे होतात. कोरियांत तिला ‘प्रेमाचा दांत’ म्हणतात. पण आम्हांस सर्वांत पटलें तें जपानी नांव: ‘ओयाशिराझु’, म्हणजे आईबापांस ठाऊक नसलेला. पूर्वींच्या काळीं मुलाला हा दांत फुटेपर्यंत आईबाप बहुधा हयात नसत, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. आतां आईबाप हयात असतात, दंतवैद्याच्या खोलींत मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले असतात, आणि मुलाच्या आधीं तेच बोलूं लागतात. तरीहि तें नांव खोटें ठरत नाहीं, एवढें आम्ही स्वानुभवानें सांगूं शकतों.

गोष्टीला आरंभ कोजागिरीच्या रात्रीं झाला. कन्या तेव्हां सतरा वर्षांची, बारावीच्या विज्ञानशाखेंत, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारींत बुडालेली. गच्चीवर आटवलेलें दूध घेऊन सगळीं बसलों असतां तिनें पेला तसाच खालीं ठेवला आणि तोंड उघडत नाहीं अशी खूण केली. खालच्या उजव्या बाजूस, शेवटच्या दाढेच्याहि मागें, हिरडी सुजून आली होती. आमच्या मातोश्रींनीं, ज्यांचें वय आतां ऐंशीच्या पुढें आहे, लवंग आणि कोमट मिठाचें पाणी हे आपले दोन्ही उपाय केले. चार दिवसांत सूज ओसरली आणि सगळीं तें विसरून गेलों. संक्रांतीला दुखणें परत आलें. या वेळीं तिळाची वडी हातांतच राहिली, गाल सुजला, अंगांत ताप भरला, आणि अभ्यासाचे पांच दिवस बुडाले. बारावीची परीक्षा महिन्यावर आलेली. गोड बोला म्हणून सांगण्याच्या दिवशीं आमच्या घरीं मुलीला तोंडच उघडतां येत नव्हतें.

मातोश्रींच्या माहेरीं दाढ काढण्याचें काम गांवचा न्हावी करीत असे, आणि केव्हां काढावी हा प्रश्न त्या काळीं कोणाला पडत नसे. दाढ असह्य झाली कीं तोच मुहूर्त. हिंदुस्थानांतील पहिलें दंतमहाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास काढलें, हा धंदा कोणीं करावा याचा कायदा व्हावयास १९४८ साल उजाडलें, आणि आमच्या नागपुरांत शासकीय दंतमहाविद्यालय निघालें तें १९६८ सालीं, म्हणजे आमच्या जन्माच्या अवघीं दोन वर्षें आधीं. आतां धंतोलींत आणि रामदासपेठेंत रस्त्यानें चालूं लागलें तर दंतवैद्यांच्या पाट्या मोजतां मोजतां घर मागें पडतें. त्यांपैकीं एका पाटीखालीं आम्ही कन्येला घेऊन गेलों.

तेथें एका यंत्रानें तिच्या डोक्याभोंवतीं अर्धी प्रदक्षिणा घातली आणि दोन्ही जबड्यांचें सबंध क्ष-किरणचित्र एका लांबट पडद्यावर उलगडून दाखविलें. असें चित्र ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं एकदां पाहावें. उगवलेले दांत पांढरे शुभ्र, रांगेंत उभे. आणि चार कोंपऱ्यांत, अद्याप हाडांत अर्ध्या पुरलेल्या, मुळें पुरतीं न फुटलेल्या चार दाढा. वरच्या दोन्ही सरळ होत्या. खालची डावी किंचित्‌ कललेली. खालची उजवी मात्र पुढें झुकून शेजारणीच्या पाठीला डोकें टेकून बसली होती, आणि तिच्या अर्ध्या माथ्यावर हिरडीचें एक झांकण राहिलें होतें. त्या झांकणाखालीं अन्नाचे कण शिरतात, तेथें ब्रश पोंचत नाहीं, आणि मग सूज येते. दाढांच्या खालून एक काळसर पट्टा जातांना दिसत होता. तो पट्टा आम्हांस न सांगतां ओळखूं आला, आणि खुर्चीचा हात आम्हीं जरा घट्ट धरला.

दंतवैद्यांचें मत स्पष्ट होतें. चारी दाढा, पूर्ण भूल देऊन, एकाच बैठकींत काढाव्या. आणि शक्य तर लगेच. या वयांत मुळें अर्धींच तयार झालेलीं असतात, हाड लवचिक असतें, जखम लवकर भरते. पंचविशीनंतर तेंच काम अवघड होत जातें. हें सर्व खरें आहे, आणि तें ऐकून आम्हांस इतका आनंद झाला कीं कन्येकडे न पाहतांच आम्हीं होकार देऊन टाकला. पुढच्या मंगळवारची वेळहि ठरविली.

या आनंदाचें कारण सांगावयाचें तर आमच्या ओंठाची कथा सांगितली पाहिजे. १९९२ सालीं, एम्. ए.च्या दुसऱ्या वर्षास असतां, आमची खालची डावी अक्कलदाढ अशीच दुखली होती, आणि त्या वेळच्या दंतवैद्यांनीं ती काढून टाका म्हणून साध्या शब्दांत सांगितलें होतें. परीक्षा झाल्यावर काढूं असें आम्हीं ठरविलें. परीक्षा झाली, मग नोकरीची खटपट आली, मग लग्न, मग घराचें कर्ज. दर दोन-तीन वर्षांनीं दाढ आपलें अस्तित्व कळवी, आणि आम्ही दोन दिवस मऊ भात खाऊन तिची समजूत घालीत असूं. असें एकोणीस वर्षें चाललें. २०११ सालीं ती उठली तेव्हां तिनें शेजारची दाढहि मागून पोंखरून टाकली होती. दोन्ही काढाव्या लागल्या. खालच्या जबड्याच्या हाडांतून एक मज्जातंतु बोगद्यांतून गाडी जावी तसा जातो आणि हनुवटीपाशीं बाहेर पडून खालच्या ओंठाला स्पर्शज्ञान देतो. आमच्या दाढेचें एकेचाळीस वर्षांचें पक्कें मूळ त्या बोगद्याच्या छताला टेकलेलें होतें. शल्यवैद्यांनीं धोका आधीं समजावून सांगितला होता, आमची सही घेतली होती, आणि हात जपून चालविला होता. दोष कोणाचाच नव्हता, असलाच तर त्या एकोणीस वर्षांचा. ही बधिरता कायमची राहण्याचें प्रमाण शंभरांत एकापेक्षांहि कमी आहे. त्या एकांत आम्ही सांपडलों.

वाचकांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. ओंठ हलतो, बोलतां येतें, चेहरा वांकडा होत नाहीं. परंतु चहाचा थेंब ओंठावरून हनुवटीवर उतरतो आणि तो उतरल्याचें आपल्याला सदऱ्याच्या डागावरून कळतें. भाताचें शीत ओंठाला चिकटलेलें असतें आणि समोर बसलेला पाहुणा आपल्या ओंठाला बोट लावून आपल्याला सुचवूं पाहतो. दाढी करतांना रक्त आरशांत आधीं दिसतें. वर्गांत प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण उच्चारतांना आपला उच्चार बिघडला कीं काय, अशी शंका प्रत्येक वाक्याला येते. उच्चार बिघडलेला नसतो, पण शंका जात नाहीं. आठ महिन्यांनीं बराचसा ओंठ परत आला. डाव्या कोपऱ्याखालीं रुपयाएवढा भाग अद्याप आलेला नाहीं. तेथें बोट लावलें म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी हनुवटीला हात लावल्यासारखें वाटतें.

तेव्हां कन्येच्या चारी दाढा मंगळवारीं काढण्याचा निर्णय दंतवैद्यांनीं दिला असला तरी तो खरोखर घेतला होता आमच्या हनुवटीवरील त्या रुपयानें.

घरीं आल्यावर चर्चा झाली. आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें, परीक्षेच्या तोंडावर तोंडाची शस्त्रक्रिया हें कोणतें शहाणपण? मातोश्रींनीं दोन शंका काढल्या. वरची दाढ काढली म्हणजे नजर मंद होते, ही पहिली; तिचें निरसन आम्हीं केलें, कारण डोळ्याचा मज्जातंतु आणि दाढेचा मज्जातंतु यांचा तसा कांहींएक संबंध नाहीं, आणि ही भीति बाळगून कित्येक लोक किडके दांत वर्षानुवर्षें तोंडांत ठेवतात. दुसरी शंका, अक्कलदाढ काढली म्हणजे अक्कल जाते. हिचें निरसन त्यांनीं स्वतःच केलें. आमच्याकडे क्षणभर निरखून पाहून त्या म्हणाल्या, “पण तुझी काढली तेव्हां कांहीं फरक दिसला नाहीं बा.”

कन्या सगळा वेळ गप्प होती. रात्रीं आम्हीं तिला समोर बसवून आमच्या ओंठाची कथा, ती तिला पाठ असतांनाहि, पुन्हां पहिल्यापासून सांगावयास घेतली. एकोणिसाव्या वर्षापर्यंत पोंचलों तोंच ती म्हणाली, “बाबा, तुम्ही तुमच्या दाढेची गोष्ट माझ्या तोंडांत कशाला घालून राहिले?”

पुण्याचे आमचे एक स्नेही या वऱ्हाडी-नागपुरी ‘राहिले’ला हंसतात. आमच्या मतें मराठी भाषेंत इतकें नेमकें क्रियापद थोडेंच असेल. ‘घालतां’ म्हटलें असतें तर तें एका वेळेपुरतें झालें असतें. ‘घालून राहिले’ यांत कोजागिरीपासूनचे तीन महिने आले. तिनें पुढें आणखीहि एक वाक्य उच्चारलें: “वर्गांत तर तुम्ही शिकवतां, एका उदाहरणावरून नियम होत नाहीं म्हणून.” आम्ही तर्कशास्त्राचे प्राध्यापक आहोंत. मंगळवारची वेळ आम्हीं रद्द केली.

मग आम्ही ग्रंथांकडे वळलों. प्रथम सांपडलें तें विषयाच्या जरा बाजूचें, पण सोडवत नाहीं. इंग्लंडांत १८३३ च्या कायद्यानें नऊ वर्षांखालील मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत कामावर घेण्यास बंदी झाली. परंतु जन्माची सक्तीची नोंद तेव्हां नसे, आणि गरीब आईबाप मुलाचें वय वाढवून सांगत. एड्विन सॉंडर्स नांवाच्या दंतवैद्यानें १८३७ सालीं एक पुस्तिका लिहून असें प्रतिपादिलें कीं, मुलाचें वय त्याच्या उंचीपेक्षां दांतांवरून अधिक बरोबर ठरतें. आईबाप एक सांगताहेत आणि मुलाचे दांत दुसरेंच सांगताहेत, असा तो देखावा आम्ही कांहीं दिवस डोळ्यांसमोरून हलवूं शकलों नाहीं.

मूळ प्रश्नावर विद्वानांचें एकमत नाहीं. अमेरिकेंत महाविद्यालयांत जाण्याच्या सुमारास सुट्टींत मुलांच्या चारी दाढा काढून टाकण्याची चाल कित्येक दशकें रूढ आहे. उलट इंग्लंडांत राष्ट्रीय आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनें २००० सालीं सांगितलें कीं, हाडांत अडकलेली पण रोग नसलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढूं नये. अमेरिकेंतीलच सार्वजनिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं तशाच आशयाचा ठराव केला. मागची दाढ पुढच्या दांतांना ढकलून वांकडे करते, ही समजूत आम्हीहि उराशीं धरून होतों; इंग्लंडांत मुलांचे दोन गट करून तिची परीक्षा घेण्यांत आली, आणि १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तेवढ्याकरितां दाढा काढणें समर्थनीय नाहीं असें ठरलें. येथपर्यंत वाचून आम्ही खचलों होतों. परंतु पुढें असें सांपडलें कीं, इंग्लंडांतील त्या नियमानंतरच्या दहा वर्षांत अक्कलदाढ काढून घेणाऱ्यांचें सरासरी वय पंचविशीवरून तिशीच्या पलीकडे गेलें, आणि शेजारची दाढ किडल्यामुळें काढाव्या लागणाऱ्या अक्कलदाढा वाढल्या. शेजारची दाढ! ही तर शब्दशः आमची हकीकत. आम्हीं तें टिपण कन्येपुढें विजयी मुद्रेनें ठेवलें.

तिनें तें वाचलें, आणि मग आम्हीं जें अर्धेंच वाचून खालीं ठेवलें होतें तें इंग्लंडांतील मूळ मार्गदर्शन काढून तेंहि वाचलें. त्यांत असें होतें कीं, दाढेच्या हिरडीला एकदां जोराचा किंवा दोनदां दाह झाला असेल तर दाढ काढणें योग्य. म्हणजे तिच्या खालच्या उजव्या दाढेपुरता दोन्ही पक्षांत वादच नव्हता. ती काढावी असें अमेरिकाहि म्हणते आणि इंग्लंडहि म्हणतें. वाद होता तो उरलेल्या तिघींबद्दल, ज्यांनीं आजवर एक शब्दहि काढला नव्हता. आणि आमचें उदाहरण या वादांत लागूच पडत नव्हतें, कारण आमची दाढ गप्प नव्हती. ती एकोणीस वर्षें बोलत होती, आणि आम्हीं ऐकलें नव्हतें. एखाद्या विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत असा हेत्वाभास केला असता तर आम्हीं त्याला गुण दिले नसते.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची थोरली बहीण मुखशल्यवैद्य आहे. दुसरें मत घ्यावें म्हणून तिच्याकडे गेलों. बाहेर बसलेल्या रुग्णांत विशी-पंचविशीचे चार तरुण होते, आणि परिचारिका प्रत्येकाला स्वतःचीं तीन बोटें उभीं करून तोंडांत घालून दाखवावयास सांगत होती. दोघांचें तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. आमच्या नागपूरचा खर्रा! सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पुडींत बांधलेला हा पदार्थ पानठेल्या-पानठेल्यावर मिळतो. सुपारीनें गालाची आंतली त्वचा हळूहळू ताठर होते, तोंड मिटत जातें, आणि पुढें कर्करोगाचेंहि भय असतें. ज्याचें तोंडच उघडत नाहीं त्याची अक्कलदाढ काढावयाची कशी? आमच्या वर्गांतल्या शेवटच्या बाकांवर अशीं मिटत चाललेलीं तोंडें आम्ही रोज पाहतों, आणि तीं अभ्यास न झाल्यामुळें उघडत नाहींत अशी आमची इतके दिवस समजूत होती.

त्या डॉक्टरबाईंनीं चित्र दिव्यावर धरलें, आमचें म्हणणें ऐकून घेतलें, आणि मग खुर्ची फिरवून कन्येला विचारलें, “तुला काय वाटतें?” चार महिन्यांत हा प्रश्न तिला प्रथमच कोणी विचारीत होतें. आम्ही उत्तर देण्यासाठीं तोंड उघडलें होतें तें तसेंच राहिलें.

कन्येनें विचारलेले प्रश्न आम्हांस सुचले नव्हते. आतां काढली तर अभ्यास किती दिवस बुडेल? जूनपर्यंत थांबलें तर मुळें किती वाढतील? परीक्षेंत पुन्हां सुजली तर काय करावें? डॉक्टरबाईंनीं सरळ उत्तरें दिलीं. आठवडाभर तरी नीट बसवणार नाहीं. चार-पांच महिन्यांत मुळांत फारसा फरक पडणार नाहीं. चार-पांच वर्षांत पडेल. मध्येंच सुजण्याचा संभव आहे, आणि तो तिनें पत्करला पाहिजे. तोंवर झांकणाखालची जागा धुवून घ्यावी, मिठाच्या पाण्यानें चुळा भराव्या, मागपर्यंत लहान ब्रश फिरवावा. बाकीच्या तीन दाढांबद्दल, वर्षा-दोन वर्षांनीं एकदां दाखवीत जावें. जगांत सुमारें पांचांतल्या एकाला निदान एक तरी अक्कलदाढ उगवतच नाहीं, कित्येकांच्या सरळ उगवून म्हातारपणापर्यंत उपयोगी पडतात. त्यांना आजच शिक्षा कशासाठीं?

आतां राहिला सहीचा प्रश्न. १८७५ च्या कायद्याप्रमाणें आपल्याकडे अठराव्या वर्षीं मनुष्य सज्ञान होतो. त्याआधीं शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर पालकाची सही लागते. संमतिवयाच्या वादाचें महाराष्ट्राला जुनें वेड आहे. १८९१ सालीं विवाहित मुलींचें संमतिवय दहावरून बारावर नेण्याचा कायदा झाला तेव्हां दोन्ही बाजूंच्या पुरुषांनीं पुष्कळ शाई खर्ची घातली. जिच्या संमतीचा प्रश्न होता तिला मात्र फारसें कोणीं विचारलें नाहीं. तुलना फार मोठी होते हें आम्हांस कळतें. पण मंगळवारची वेळ ठरवितांना आम्हीं कन्येच्या तोंडाकडेहि पाहिलें नव्हतें, हें आठवून ती तुलना आम्हांस टाळतां येत नाहीं.

कन्येनें भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली. बारावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चांत. नीट मेच्या पहिल्या रविवारीं. तिचा अठरावा वाढदिवस मेअखेर. तिनें जूनच्या दुसऱ्या आठवड्यावर पेन्सिलीनें एक दाढ काढली. “एकच,” ती म्हणाली, “उजवी. आणि सही मी करीन.”

रसायनशास्त्राच्या पेपराच्या आदल्या रात्रीं हिरडी तिसऱ्यांदा सुजली. आम्ही रात्रीं अकरा वाजतां औषधाच्या दुकानाकडे धांवलों, परत आलों, आणि जें वाक्य ओंठावर आलें होतें तें, ओंठाच्या ज्या भागाला अद्याप शुद्धि आहे त्या भागानें, आंतच दाबून धरलें. सौभाग्यवतींनीं तें बोलूं नका अशी दृष्टीनें ताकीद दिलीच होती. सुजलेल्या गालानें कन्या पेपर देऊन आली. तो कसा गेला हें आम्हीं विचारलें नाहीं. निकालांत त्या विषयांत तिला इतर विषयांहून कमी गुण पडले. ते दाढेमुळें पडले कीं सेंद्रिय रसायनामुळें, याबद्दल घरांत अद्याप दोन मतें आहेत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत नागपुरांत पाऊस अजून यावयाचा होता. सकाळीं अकरालाच रस्त्यावरचें डांबर मऊ झालेलें. डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर कन्येनें संमतिपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलें. खालच्या ओंठास तात्पुरती किंवा क्वचित् कायमची बधिरता येऊं शकेल, या ओळीपाशीं ती थांबली आणि तिनें आमच्या हनुवटीकडे पाहिलें. मग सही केली. आमचें नांव तिनें साक्षीदाराच्या जागीं घातलें.

पूर्ण भूल दिली नव्हती, नुसती जागा बधिर केली होती. पाऊण तासानें ती गालांत कापसाचा बोळा धरून बाहेर आली. दाढेचे तुकडे करून ती काढावी लागली होती, दोन टांके पडले होते. मज्जातंतूला धक्का लागलेला नाहीं असें दिसतें, पण ओंठ जागा झाल्याशिवाय मी सांगणार नाहीं, असें डॉक्टरबाई म्हणाल्या. सुईचा अंमल चार-पांच तास राहतो.

घरीं आल्यावर मातोश्रींनीं गार दहीभात कालवून ठेवला होता, तो तिनें डाव्या बाजूनें थोडा खाल्ला आणि ती आंतल्या खोलींत कूलरपुढें जाऊन पडली. आम्ही बाहेर उत्तरपत्रिका घेऊन बसलों. तीन वाजले. साडेतीन वाजले. २०११ सालीं आम्हीहि असेच घड्याळाकडे पाहात बसलों होतों, आणि संध्याकाळीं दिवे लागल्यावर आरशापुढें उभे राहून ओंठाला चिमटा काढून पाहिला होता. चार वाजतां आम्हीं दारांतून डोकावलें. ती छताकडे पाहात होती आणि हातांतल्या चमच्याचा गार कांठ हनुवटीला मधून मधून लावून पाहात होती. तिनें मान हलविली. अजून नाहीं. आम्ही परत येऊन बसलों. एकाच उत्तरपत्रिकेला आम्हीं तीनदां गुण दिले आणि तीनहि वेळां निराळे.

पांचाला कांहीं मिनिटें असतांना आंतून हांक आली. बोळ्यामुळें शब्द नीट फुटत नव्हते.

“बाबा, मुंग्या येऊन राहिल्या.”